कुळागरातली लिथियम बॅटरी: चार्जिंग, देखरेख आणि गोव्याचा पाऊस

शिशाची ट्यूब्युलर बॅटरी आयुष्यभर सांभाळलेल्या माणसाला लिथियम समजावणं, हे कोऱ्या पाटीच्या माणसाला समजावण्यापेक्षा जड जातं. मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या कुळागरांत (पोफळींच्या बागांत) आणि मांगरांत (शेतघरांत) सोलरची कामं करतो. नवी बॅटरी बसवली की अनुभव ठरलेला. घरधनी सकाळी उठून पॅकवर हात फिरवतो, पाणी कुठून घालायचं ते विचारतो, आणि संध्याकाळी स्क्रीनवर ९७ टक्के दिसले की फोन येतो, ‘पूर्ण भरत नाही वाटतं.’ त्यात त्याचा काही दोष नाही. शिशाच्या बॅटरीला अर्धवट भरून राहणं सोसत नाही. प्लेटांवर सल्फेटचा थर कडक होतो आणि क्षमता जाते. म्हणून ती सदोदित भरलेली ठेवायची, हे आपल्या अंगात मुरलंय. लिथियमचं उलटं. तिला अर्ध्यावर राहणं मानवतं, काठोकाठ भरून गरम खोलीत बसून राहणं मानवत नाही. खाली जे आकडे आणि जी खटपट सांगतोय, त्यातलं बरंचसं या एका फरकातून निघतं.

लिथियम म्हणजे इथे मी लिथियम आयर्न फॉस्फेट म्हणतोय, बाजारातली एलएफपी. एका सेलचा व्होल्टेज सरासरी ३.२. चार सेल ओळीने जोडले की १२.८, आठ जोडले की २५.६, सोळा जोडले की ५१.२. घरासाठी मी सोळा सेलचाच पॅक सुचवतो, कारण त्याच कामाला करंट कमी लागतो, केबल आवाक्यात राहते आणि जोडण्या कमी तापतात. ५१.२ व्होल्टचा १०० अँपिअर-अवरचा पॅक म्हणजे ५.१२ युनिट. वीज वाचवणारा बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास घेतो, जुना ७५. चांगला इन्व्हर्टर फ्रिज दिवसाला युनिटभर. बेताच्या घराला असा एक पॅक रात्र काढून देतो आणि सकाळी शिल्लकही दाखवतो.

ई-स्कूटरच्या जुन्या पॅकमधले सेल स्वस्तात मिळतात म्हणून काहीजण ते घरात बसवू बघतात. ते बऱ्याचदा एनएमसी, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टचे लिथियम सेल असतात, पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचे. खालचे आकडे त्यांना लागू नाहीत, आणि एनएमसी तापून पेट घेण्याचं तापमान एलएफपीपेक्षा बरंच खाली असतं. माणसं झोपतात त्या घरात मी ते बसवत नाही, पैसे कितीही वाचत असले तरी.

चार्जरला काय सांगायचं

पॅकच्या कागदावर चार्जिंग व्होल्टेज म्हणून बऱ्याचदा ५८.४ लिहिलेलं असतं. ३.६५ गुणिले १६. ही सेलची शेवटची हद्द. रोज तिथपर्यंत जायची काही गरज नाही. मी ५५.२ ते ५६ लावतो, म्हणजे सेलमागे ३.४५ ते ३.५. एवढ्यावरही पॅक जवळपास पूर्ण भरतो, कारण शेवटच्या टप्प्यात व्होल्टेज झपाट्याने चढतो पण त्या चढणीत साठा फारसा नसतोच. ५८.४ गाठून पदरात पडतात थोडेसे टक्के, आणि त्या नादात एखादा सेल पुढे पळाला की बीएमएस, म्हणजे पॅकच्या आत बसून सेलांवर नजर ठेवणारा बोर्ड, अख्खा पॅक तोडतो. भर दुपारी एमपीपीटी, म्हणजे पॅनेलवरून बॅटरी भरणारा चार्जर, पूर्ण जोरात असताना बॅटरी अशी सुटली की त्या करंटला जायला जागा उरत नाही, व्होल्टेज उसळतो, आणि तो उसळा इन्व्हर्टरच्या बोर्डाला झेपेलच असं नाही. चार्जरचा आकडा बीएमएसच्या तोडण्याच्या आकड्यापेक्षा आरामात खाली हवा, तो यासाठी.

वरच्या व्होल्टेजवर धरून ठेवायचा वेळ, म्हणजे ॲब्सॉर्प्शन, अर्धा तास पुरे. फ्लोट, म्हणजे भरून झाल्यावर धरून ठेवायचा व्होल्टेज, ५३.६ ते ५४. फ्लोट बंद करता येत असेल तर उत्तम. २४ व्होल्टच्या पॅकला हे आकडे निम्मे करा, १२ च्या पॅकला पाव.

मग मेनूत शिरून दोन गोष्टी शोधा आणि बंद करा: इक्वलायझेशन आणि टेम्परेचर कॉम्पेन्सेशन. पहिली शिशाच्या बॅटरीला अधूनमधून मुद्दाम उकळी आणते, त्यासाठी ४८ व्होल्टच्या बँकेला ६० च्या आसपास नेते. लिथियमला ती मारक आहे. दुसरी हवा थंड झाली की चार्जिंग व्होल्टेज आपोआप वाढवते. डिसेंबरच्या पहाटे तुमच्या नकळत आकडा वर सरकलेला कशाला हवा? जुन्या इन्व्हर्टरवर नवी लिथियम जोडली जाते तेव्हा ही दोन बटणं हमखास राहून जातात, कारण जुन्या बॅटरीला त्यांची गरज होती.

बीएमएस आणि इन्व्हर्टर कॅन किंवा आरएस-४८५ केबलने एकमेकांशी बोलत असतील तर आकडे बीएमएसच पाठवतो. तरी तो काय मागतोय ते स्क्रीनवर एकदा डोळ्यांनी बघा. केबल लागली म्हणजे संवाद सुरू झाला असं नसतं. प्रोटोकॉल, म्हणजे दोघांच्या बोलण्याची भाषा, चुकीचा निवडला असेल तर इन्व्हर्टर निमूटपणे जुन्याच आकड्यांवर चालत राहतो.

करंटचं म्हणाल तर १०० अँपिअर-अवरच्या पॅकला २० ते ५० अँपिअर योग्य. शून्य अंशाखाली चार्ज करू नका, असं माहितीपत्रकात ठळक अक्षरांत असतं. आमच्या सत्तरीतल्या वाळपईत बसून ते वाचायचं आणि पुढचं पान उलटायचं.

टक्के खोटं कसं बोलतात

माडांच्या भाटात एकट्या राहणाऱ्या एका आजींचा जुलैत फोन आला. ‘अरे बाबा, चाळीस टक्के दाखवत होतं आणि पंखा गेला. माझे चाळीस टक्के गेले कुठे?’

ते नव्हतेच. एलएफपीचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो. स्वस्थ पडलेल्या पॅकमध्ये ऐंशी टक्के आणि चाळीस टक्के यांत सोळाही सेल मिळून फरक पडतो अर्धा-पाऊण व्होल्टचा. विहिरीवरचा एक एचपीचा पंप सुरू होताना त्याहून जास्त व्होल्टेज तेवढ्यापुरता खाली बसतो. त्यामुळे व्होल्टेजवरून टक्के काढणारा कुठलाही मीटर मधल्या पट्ट्यात अंदाजपंचे बोलतो. शिशाच्या बॅटरीवर चालत आलेला इन्व्हर्टर हेच करत असतो.

खरा हिशेब शंट ठेवतो. शंट म्हणजे निगेटिव्ह केबलमध्ये बसवलेला अगदी कमी रोधाचा तुकडा. त्यातून किती अँपिअर गेले आणि किती आले याची तो बेरीज-वजाबाकी करत बसतो. पण बेरीज-वजाबाकीतही थोडी थोडी चूक साठते. पॅकच्या आतल्या बीएमएसचा मोजणारा भाग तर राउटर किंवा एखादा दिवा घेतो तेवढा बारीक करंट पुष्कळदा धरतच नाही. म्हणून मीटरला अधूनमधून एक खरा खांब सापडावा लागतो, आणि तो खांब एकच: पॅक खरोखर पूर्ण भरल्याचा क्षण. त्या क्षणी मीटर स्वतःला शंभरवर आणतो आणि साठलेली चूक पुसली जाते. गोव्यात जूनच्या मध्यानंतर असे क्षण दुर्मीळ होतात. आजींच्या मीटरला शंभर भेटून आठवडे उलटले होते आणि तो मनाने चालला होता.

शंटच्या सेटिंगमध्ये क्षमता खरी भरा. ‘पूर्ण’ मानायचा व्होल्टेज ॲब्सॉर्प्शनपेक्षा पाव व्होल्टभर खाली ठेवा, ५५.२ ला चार्ज करत असाल तर ५४.९ किंवा ५५. टेल करंट, म्हणजे पॅक भरत आल्यावर आत जाणारा उरलासुरला करंट, क्षमतेच्या ४ ते ५ टक्के, म्हणजे आपल्या पॅकला ४-५ अँपिअर, आणि तीन मिनिटं तसंच राहिलं पाहिजे अशी अट. चार्जिंगची कार्यक्षमता ९९ टक्के, प्युकर्ट (जास्त करंटला क्षमता किती घटते त्याचा आकडा) १.०५. यातला ‘पूर्ण’चा व्होल्टेज ५३.६ वगैरे ठेवला तर ढगाळ सकाळी दोन-तीन अँपिअर येत असतानाच मीटर खोटे शंभर जाहीर करून टाकतो, आणि मग रात्रीचा सगळा हिशेब वरच्या बाजूला चुकतो. आणखी एक बघा: बॅटरीच्या निगेटिव्ह बोल्टवर शंटशिवाय दुसरी एकही वायर नको. अंगणातल्या डीसी दिव्याची वायर कुणीतरी सोयीसाठी थेट तिथे टोचलेली असते, आणि तो दिवा मीटरच्या नजरेबाहेर रात्रभर पीत राहतो.

एकेक सेल बघायची सवय

पॅकचा एकूण व्होल्टेज चांगला दिसला म्हणजे पॅक चांगला, असं नसतं. मोबाइलवर बीएमएसचं ॲप उघडा आणि सोळा सेलचे आकडे वेगवेगळे बघा. पण बघायची वेळ महत्त्वाची. मधल्या पट्ट्यात सगळे सेल गुण्यागोविंदाने ३.२९-३.३० दाखवतात, त्यातून काही कळत नाही. बिघाड दिसतो तो दोन टोकांना, भरत आल्यावर आणि रिकामं होत आल्यावर.

एक चित्र डोळ्यांसमोर आणा. एप्रिलची दुपार, ३० अँपिअर आत येतायत, पॅक ५५ व्होल्ट. पंधरा सेल ३.४२ ते ३.४४ च्या दरम्यान, आणि नववा एकटा ३.५७. हा नववा सेल बाद झाला का? इतक्यात सांगता येणार नाही. त्याच पॅककडे पहाटे बघा, साठा दहा-पंधरा टक्क्यांवर आलेला असताना. तिथेही नववा इतरांच्या वर असेल तर तो नुसता जास्त भरलेला आहे, पॅक असमतोल आहे आणि ते दुरुस्त होतं. पण वर जाताना सगळ्यांत आधी चढणारा हाच नववा खाली येताना सगळ्यांत आधी कोसळत असेल, तर त्याची क्षमताच घटली आहे. त्याला कितीही समतोल केलं तरी उपयोग नाही, तो बदलावा लागेल.

तिसरी शक्यता लोकांच्या लक्षात येत नाही, आणि आपल्या हवेत तीच जास्त आढळते. चार्ज होताना नववा वर दिसतो, लोड पडल्यावर खाली दिसतो, आणि करंट शून्यावर आणला की लगेच सगळ्यांच्या रांगेत येतो. हा सेलचा आजार नाही, त्याच्या बोल्टखालच्या बसबारचा, म्हणजे सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्टीचा आहे. जोडणीत एक मिलिओहमचा रोध आला तरी ३० अँपिअरला ३० मिलिव्होल्टचा फरक दिसतो. बोल्ट सोडून बसबार काढला की खाली मळकट, काळपट थर दिसतो. बारीक पॉलिश पेपरने घासायचं, कोरड्या कापडाने पुसायचं, आणि उत्पादकाने सांगितलेल्या टॉर्कला आवळायचं. टॉर्क पाना नसेल तर अंगातला जोर लावू नका. ॲल्युमिनियमच्या टर्मिनलचे आटे सहज जातात. सीलबंद पॅक असेल तर वॉरंटीत हे काम विकणाऱ्याकडून करून घ्या.

आता असमतोलाचं. साध्या बीएमएसमधला बॅलन्सर, म्हणजे पुढे गेलेल्या सेलमधून थोडं काढून घेणारा भाग, फार हळू काम करतो, सेलमागे शंभर मिलिअँपिअरच्या आसपास. नववा सेल दोन अँपिअर-अवरने पुढे असेल तर तेवढं उतरवायला वीस तास हवेत. आणि बॅलन्सर काम करतो तो फक्त वरच्या टोकाला असताना. रोज अर्धा तास मिळाला तर चाळीस दिवस गेले! म्हणून हे काम मार्च-एप्रिल-मे या उन्हाच्या महिन्यांतच उरकायचं. ५५.२ वर ॲब्सॉर्प्शन तात्पुरतं दोन तासांचं करा, चार्जिंग करंट पाचेक अँपिअरवर आणा म्हणजे पुढे पळालेला सेल उसळणार नाही, आणि फरक ३०-४० मिलिव्होल्टच्या आत येईपर्यंत रोज तसंच चालू द्या. मग वेळ पुन्हा अर्ध्या तासावर आणायला विसरू नका. बॅलन्सिंग कुठल्या व्होल्टेजला सुरू व्हावं हा आकडा बीएमएसमध्ये ३.४ च्या वर हवा. तो ३.३ ठेवलेला पॅक मी पाहिला आहे. सपाट पट्ट्यात कुठला सेल पुढे हे बीएमएसला ओळखू येत नाही, तो भलत्याच सेलमधून काढत राहतो आणि चांगला पॅक बिघडवतो.

खालच्या टोकाला इन्व्हर्टरचा कटऑफ ४८ व्होल्ट ठेवा, सेलमागे ३.०. बीएमएस स्वतः तोडतो तो त्याच्याही खाली, २.५ ते २.८ ला. तो शेवटचा बांध आहे, रोजचा स्विच म्हणून वापरायचा नाही. बीएमएसने तोडलं की इन्व्हर्टरला बॅटरीच दिसत नाही आणि पुष्कळ इन्व्हर्टर मग ऊन आलं तरी चार्जिंग सुरू करत नाहीत. पॅकला बाहेरून लिथियम चार्जर लावून जागं करावं लागतं. एखादा सेल दोन व्होल्टच्या खाली गेला असेल तर त्याला घरी जिवंत करायचा खटाटोप नको. फुगलेल्या सेललाही तेच.

कुठे ठेवायची

गोव्यात बॅटरी थंडीने मरत नाही, ऊन आणि दमट हवा तिला मारतात. पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर मे महिन्यात काय होतं ते आंबे पिकत घालणाऱ्यांना ठाऊक आहे. ढोबळ हिशेब असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की सेल साधारण दुप्पट वेगाने म्हातारा होतो, आणि तो पूर्ण भरलेला असेल तर आणखीच. जुन्या घरांतली चिऱ्याच्या किंवा मातीच्या जाड भिंतींची, उत्तरेकडची खोली सगळ्यांत चांगली. जमिनीपासून दीड-दोन फूट वर, भिंतीपासून वीतभर सुटी. पावसाळ्यात भुई घाम सोडते, म्हणून वर. स्वयंपाकघर नको, गॅसच्या सिलिंडरची खोली नको, झोपायची खोली नको.

बीएमएसच्या ॲपमध्ये तापमान दिसतं. ३५ च्या आत राहिलं तर छान, ४५ दिसायला लागलं तर जागा बदला.

उन्हाळ्यासाठी माझी एक युक्ती आहे, फुकटातली. मार्च ते मे पॅनेल इतकं देतात की बॅटरी अकराला भरून बसते आणि मग दिवसातला सगळ्यांत तापलेला वेळ ती काठोकाठ भरलेल्या अवस्थेत काढते. चार्जिंग करंट कमी करा, १५ अँपिअरवर आणा. मग ती दुपारी तीनच्या सुमाराला भरते. मधल्या वेळात पॅनेलची उरलेली वीज पंपाला, वॉशिंग मशीनला, मिक्सरला लावा. पोफळींना पाणी तसंही दिवसा द्यायचं असतं. जूनची पहिली सर पडली की करंट पुन्हा वर.

पावसाळा

गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि घाटाच्या पायथ्याशी त्याहून जास्त. त्यातला बहुतेक चार महिन्यांत. एखाद्या काळ्या दिवशी दोन किलोवॉटचे पॅनेल दिवसभरात एक-दोन युनिट देऊन गप्प बसतात. म्हणजे पावसाळ्यात बॅटरी मोठी असून भागत नाही, भरायला काही असावं लागतं. नवीन बसवत असाल आणि पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर दुसरा पॅक घेण्याआधी पॅनेल वाढवा. गोवा साधारण १५ अंश अक्षांशावर आहे, तेव्हा दक्षिणेकडे तेवढाच उतार पुरतो आणि पावसाने काच धुतलीही जाते. कुळागरात सावलीशिवाय जागा सापडत नाही ही खरी अडचण. तळ्याकाठी किंवा वाटेच्या बाजूला उघडी जागा शोधा आणि लांब केबलचा खर्च सोसा. पोफळीच्या एका झावळीची सावली पॅनेलच्या एका पट्ट्यावर पडली तरी उत्पन्न डोळ्यांदेखत खाली येतं.

जनरेटर ठेवलाच असेल तर तो संध्याकाळी चालवा, सकाळी नव्हे. सकाळी बॅटरी पेट्रोलने भरून ठेवली आणि दहाला ढग फाटले तर आलेलं ऊन ठेवायला जागा नाही. सूर्याने दिवसभरात काय दिलं हे संध्याकाळी माहीत झालेलं असतं, कमी पडलं तेवढंच भरायचं. लिथियमचा फायदा असा की ती जवळजवळ शेवटपर्यंत पूर्ण करंट घेते, शिशासारखी शेवटचे तास रेंगाळत नाही. त्यामुळे तास-दीड तासात काम होतं. रोज शंभरपर्यंत न्यायचं कारण नाही. पण दोन-तीन आठवड्यांतून एकदा टेल करंट खाली येईपर्यंत चालू द्या, म्हणजे शंटला तो मघाचा खांब सापडतो आणि बॅलन्सरलाही थोडा वेळ मिळतो.

चतुर्थीला खरी कसोटी. मुंबई-पुण्याची माणसं घरी येतात, माटोळीवर (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीवर) दिव्यांच्या माळा, पहाटे खोबरं वाटायला मिक्सर, फ्रिज दर पाच मिनिटांनी उघडला जातो, आणि दहा मोबाइल एकदम चार्जिंगला. बाहेर श्रावण-भाद्रपदाचा पाऊस. मी घरच्यांना सांगतो, आदल्या दिवशी पॅक पूर्ण भरून घ्या, त्या एका आठवड्यासाठी राखीव साठा तीस टक्के ठेवा, आणि पंप फक्त ऊन दिसेल तेव्हा. पाहुण्यांना इस्त्री आणि गीझरची जागा दाखवूच नका.

विजांचं वेगळं सांगतो. त्या भर पावसात कमी, एप्रिल-मेच्या वळवात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात जास्त. पॅनेलच्या डीसी बाजूला सर्ज प्रोटेक्टर हवाच, आणि त्याला खरं अर्थिंग. आपला जांभा उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा होतो आणि कोरडा जांभा करंट नीट वाहून नेत नाही. अर्थिंगचा खड्डा मार्चपासून आठवड्याला एकदा पाणी घालून ओला ठेवा. सांडपाण्याची वाट तिकडून काढली तर तेही नको.

जोडण्या, फ्यूज आणि पाहुणे प्राणी

पॅकच्या पॉझिटिव्हवर, बॅटरीला जितका जवळ लावता येईल तितका जवळ, डीसी रेटिंगचा फ्यूज. लिथियम पॅक शॉर्ट झाला तर हजारो अँपिअर सोडू शकतो. एसीचा साधा एमसीबी तिथे चालत नाही. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो, तेव्हा ठिणगी विझते. डीसीची ठिणगी विझायला शून्यच मिळत नाही, आणि तो एमसीबी आतल्या आत वितळतो.

हात घालण्याआधी अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. बंद करताना आधी लोड, मग पॅनेलचा आयसोलेटर (तोडायचा स्विच), सगळ्यांत शेवटी बॅटरी. चालू करताना बॅटरी पहिली. इन्व्हर्टर पहिल्यांदा जोडताना आतले कपॅसिटर एकदम करंट ओढतात, ठिणगी पडते किंवा बीएमएस शॉर्ट समजून तोडतो. जुना शंभर वॉटचा पिवळा बल्ब काही सेकंद मध्ये मालिकेत धरला की कपॅसिटर सावकाश भरतात. मग मुख्य जोडणी करा.

लग, म्हणजे केबलच्या टोकाला बसणारे धातूचे तुकडे, कथिलाचा मुलामा दिलेले घ्या, ते केबलवर हायड्रॉलिक पकडीने दाबून (क्रिम्प करून) बसवा, वर हीटश्रिंक चढवा. किनाऱ्याकडच्या घरांत खारी हवा उघडं तांबं महिन्याभरात हिरवं करते. पूर्ण लोडवर अर्धा तास चालवल्यावर बाहेरून प्रत्येक लगजवळच्या केबलच्या इन्सुलेशनवर हाताची मागची बाजू टेकवून बघा. एखादी जागा शेजारणीपेक्षा गरम लागली तर तीच सैल.

पाली इन्व्हर्टरच्या उबेला येतात आणि बोर्डावर मरतात. कुंभारीण माशी पंख्याच्या जाळीत मातीचं घर बांधते. मुंग्या रिलेमध्ये शिरतात. बारीक स्टीलची जाळी लावा, आणि मे व ऑक्टोबरमध्ये सगळं बंद करून मऊ ब्रशने साफ करा.

घर बंद ठेवून जाताना

गोव्यात बरीच घरं वर्षातले काही महिने कुलूपबंद असतात. बॅटरी ‘भरून ठेवून’ जाण्याची जुनी सवय इथे सर्वांत महाग पडते. पन्नास टक्क्यांच्या आसपास आणा आणि इन्व्हर्टरपासून ब्रेकरने पूर्ण तोडा. हे तोडणं महत्त्वाचं. इन्व्हर्टर काहीही न चालवता ४० वॉट खात असेल तर दिवसाला जवळपास एक युनिट गेलं. अर्धा भरलेला पॅक अडीच-तीन दिवसांत तळाला जातो. तोडलेला पॅक स्वतःहून महिन्याला दोन-तीन टक्केच सोडतो. तरी तीन महिन्यांनी शेजाऱ्याला व्होल्टेज बघायला सांगा. बटण दाबून आकडा वाचून दाखवणं कुणालाही जमतं. ५२ च्या खाली आलं तर थोडं भरायचं.

फ्रिज किंवा कॅमेरा चालू ठेवायचाच असेल तर पॅनेल जोडलेले ठेवा, पण चार्जिंग व्होल्टेज ५३.६ वर आणून ठेवा.

बिल आणि वॉरंटीचा कागद जपून ठेवा, मोबाइलमध्ये फोटोही असू द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी गोळा करून तिचं पुनर्चक्रण करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. पॅक भंगारवाल्याच्या टेम्पोत टाकायचा नाही. द्यायच्या आधी टर्मिनलवर टेप लावा, शक्य तितका रिकामा करा, आणि फुगलेला असेल तर नेणाऱ्याला तसं आधी सांगा.